कॉलमच्या बॉक्सला शिकंजे कसे बसवावेत

काँक्रीटचा कॉलम भरताना बॉक्सला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या प्लायवूडच्या साच्याला, पोट सुटले, म्हणजे तो फुगला, की बहुतेक साइटवर दोष प्लायवूडला दिला जातो. प्लाय जुना होता, ओला होता, बारा मिलिमीटरऐवजी अठराचा हवा होता, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बॉक्स उघडून पाहिला तर प्लाय बहुधा शाबूत असतो आणि वाकलेला, सरकलेला किंवा सुटलेला असतो तो शिकंजा, म्हणजे बॉक्सच्या चार बाजू एकमेकींना बांधून ठेवणारा लोखंडी क्लॅम्प. हा लेख मुख्यतः त्या शिकंज्यांविषयी आहे. भिंतीच्या साच्याच्या दोन बाजू बांधून ठेवणारे टाय रॉड आणि परांचीचे पाइप जोडणारे कपलर यांचा विचार त्याच्या ओघात, जरुरीपुरता केला आहे. उदाहरणासाठी आपल्याकडे नऊ इंची भिंतीत बसवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा २३० बाय ६०० मिलिमीटरचा कॉलम घेऊ आणि बॉक्सची उंची ३ मीटर धरू.

आधी दाबाचा हिशेब

ताजे काँक्रीट हे जड द्रवासारखे वागते. त्याचे वजन घनमीटरला सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टन, असते. त्यामुळे दर मीटर उंचीमागे बॉक्सच्या भिंतीवरचा दाब चौरस मीटरला २५ किलोन्यूटनने वाढत जातो. लांबलचक भिंत हळूहळू भरली तर खालचा थर घट्ट होऊ लागतो आणि दाब काही प्रमाणात कमी धरता येतो. कॉलमला ही सवलत मिळत नाही, कारण तो पंपाने काही मिनिटांतच भरून निघतो आणि वरचा थर पडेपर्यंत तळाचे काँक्रीट पातळच असते. मिश्रणात रिटार्डर, म्हणजे घट्ट होणे लांबवणारे रसायन, असेल, स्लंप मोठा, म्हणजे काँक्रीट जास्त पातळ, असेल किंवा गारठ्याची रात्र असेल, तर संपूर्ण उंचीचा दाब धरण्यावाचून पर्याय नाही. म्हणून ३ मीटरच्या कॉलमच्या तळाशी चौरस मीटरला ७५ किलोन्यूटन, म्हणजे साडेसात टन, दाब येतो, मध्यावर त्याच्या निम्मा येतो आणि माथ्यावर जवळजवळ शून्य असतो.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तरीही शिकंजे बसवताना ती विसरली जाते. बॉक्स उभा राहिला, की सुतार टेप धरतो आणि दीड-दीड फुटावर खुणा करत वर जातो. दिसायला हे टापटीप असते, पण दाब त्रिकोणी असताना अंतरे समान ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणातल्या ६०० मिलिमीटरच्या बाजूवर दर ५०० मिलिमीटरला एक याप्रमाणे सहा शिकंजे लावले, तर सर्वांत खालच्या शिकंज्याच्या वाट्याला सुमारे २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टन, भार येतो आणि सर्वांत वरच्याला जेमतेम २ किलोन्यूटन. वरचा शिकंजा आराम करतो आणि खालचा वाकतो.

त्याऐवजी शिकंजे खालून मोजावेत. पहिला शिकंजा तळापासून १५० मिलिमीटरवर लावावा. त्यानंतरचे ४५०, ७५०, ११००, १५००, १९५०, २४५० आणि २९०० मिलिमीटरवर घ्यावेत. म्हणजे अंतर तळाशी ३०० असते आणि वर जाताना वाढत वाढत ५०० पर्यंत पोहोचते. असे एकूण आठ शिकंजे लागतात. हिशेब केला तर खालच्या पाच शिकंज्यांवर येणारा भार साधारण ९ ते १३ किलोन्यूटनच्या दरम्यान राहतो, म्हणजे बऱ्यापैकी समान वाटला जातो. सर्वांत वरच्या शिकंज्यावर दाब नगण्य असतो, पण पंपाच्या होसचा धक्का तिथेच बसतो आणि बॉक्सचे तोंड काटकोनात ठेवायचे असते, म्हणून तो गाळू नये. दोन शिकंजे जास्त लागतात अशी तक्रार ठेकेदार करतो. फुटलेला कॉलम छिन्नीने तासायला दोन मजूर दोन दिवस लागतात, हे त्याला सांगून पाहावे.

बाजूची रुंदी हा खरा शत्रू

अंतराइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा मुद्दा बाजूच्या रुंदीचा आहे. शिकंज्याची पट्टी दोन कोपऱ्यांवर टेकलेल्या तुळईसारखी वाकते. बाजू दुप्पट रुंद झाली, की पट्टीतला ताण साधारण चौपट होतो आणि तिचा वाक सोळापटीच्या घरात जातो. हे आकड्यांत पाहू. ५० बाय ८ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, धार बॉक्सकडे करून, ३०० मिलिमीटरच्या बाजूला तळाशी ३०० च्या अंतराने लावली, तर तिच्यात सुमारे १२० मेगापास्कल ताण येतो आणि ती निभावून नेते. तीच पट्टी, त्याच अंतरावर, ६०० च्या बाजूला लावली तर ताण ४०० मेगापास्कलच्या आसपास जातो. साधे मऊ पोलाद २५० मेगापास्कललाच कायमचे वाकते. म्हणजे ‘मागच्या साइटवर हेच शिकंजे चालले होते’ या वाक्याला, मागच्या साइटवरचा कॉलम किती रुंद होता हे सांगितल्याशिवाय काही अर्थ उरत नाही.

यावर उपाय दोन आहेत. पहिला उपाय म्हणजे रुंद बाजूला पट्टीऐवजी ७५ मिलिमीटरचे दोन लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हाळीच्या आकाराचे गर्डर, पाठीला पाठ लावून, मध्ये बोल्ट जाईल एवढी फट ठेवून वापरणे आणि त्यांची टोके अरुंद बाजूच्या बाहेरून जाणाऱ्या बोल्टांनी आवळणे. जोडचॅनेलची ताकद इतकी जास्त असते, की त्याच भाराखाली ताण ४० मेगापास्कलच्याही खाली राहतो. दुसरा उपाय म्हणजे बाजूच्या मध्यातून आरपार एक टाय बोल्ट घालून पट्टीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, अर्धा करणे. या मधल्या बोल्टवर एकूण भाराचा पाच अष्टमांश हिस्सा येतो, आपल्या उदाहरणात तळाशी सुमारे ८ किलोन्यूटन. १२ मिलिमीटरचा चांगला बोल्ट तो पेलतो. बोल्ट पीव्हीसी पाइपातून न्यावा, म्हणजे नंतर काढता येतो, आणि पाइपाची लांबी कॉलमच्या जाडीइतकीच कापावी, म्हणजे आवळताना बॉक्स त्याहून आत जात नाही. बोल्टसाठी पट्टीला मधोमध भोक पाडू नये, कारण वाक सर्वांत जास्त असतो तिथलेच लोखंड त्यामुळे जाते. बोल्टखाली जाड वॉशर प्लेट घ्यावी आणि ती दोन पट्ट्यांवर किंवा उभ्या बॅटनवर, म्हणजे प्लायच्या मागच्या लाकडी पट्टीवर, टेकवावी.

मधल्या बोल्टऐवजी आठ नंबरची तार पिळून बांधण्याची पद्धत अजूनही दिसते. ही तार सुमारे ४ मिलिमीटर जाडीची असते आणि तीन किलोन्यूटनच्या आसपास लांबू लागते. पिळतानाच तिची निम्मी ताकद खर्ची पडलेली असते आणि ती किती ताणली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तळाच्या मीटरभरात तरी तारेवर भरवसा ठेवू नये.

बसवण्याची रीत

शिकंजा प्लायला नव्हे, प्लायच्या मागच्या उभ्या बॅटनना धरतो. ६०० च्या बाजूला दोन कडांना आणि मध्ये दोन असे चार बॅटन घेतले, तर प्लायचा गाळा २०० मिलिमीटरचा राहतो आणि १२ मिलिमीटरच्या प्लायला तो झेपतो. चारही बॅटन एकाच जाडीला रंधलेले असावेत. एखादा बॅटन दोन सूत पातळ असेल, तर शिकंज्याची पट्टी त्याला टेकतच नाही, आणि बाहेरून घट्ट दिसणारा बॉक्स आतून तेवढ्या जागी मोकळाच असतो. अशा फटीत लाकडी चीप ठोकून ती भरून काढावी. हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे शिकंजा आवळल्यावर प्रत्येक बॅटनच्या मागे लोखंडी पट्टी सरकवून पाहणे.

बॉक्स उभा करण्यापूर्वी स्टार्टर नीट आहे याची खात्री करावी. ७५ ते १०० मिलिमीटर उंचीचा हा काँक्रीटचा ठोकळा बॉक्सचे तळ जागेवर धरून ठेवतो. स्टार्टरच वाकडा किंवा फुगीर असेल, तर सर्वांत खालचा शिकंजा कितीही ठोकला तरी बॉक्स त्याला चिकटत नाही आणि फटीतून स्लरी, म्हणजे सिमेंटचे पाणी, गळून कॉलमच्या पायालाच जाळी पडते, म्हणजे काँक्रीट भोकाभोकांचे राहते. जिथे दाब सर्वांत जास्त, तिथेच गळती होते, हे लक्षात घेऊन ती फट आधी फोमच्या पट्टीने किंवा सिमेंट मसाल्याने बुजवावी.

समायोज्य शिकंज्याचे चार हात असतात. प्रत्येक हाताच्या एका टोकाला खाच किंवा कडी असते आणि दुसऱ्या टोकाला ओळीने भोके असतात. एका हाताचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून मापाजवळच्या भोकात चावी, म्हणजे लोखंडी पाचर, घालायची असते. चावी नेहमी वरून खाली, निमुळते टोक खाली ठेवून ठोकावी. व्हायब्रेटरच्या थरथरीने ती मोकळी झाली तरी स्वतःच्या वजनाने खालीच रुतते, उलट खालून वर ठोकलेली चावी नेमकी भरतीच्या वेळी गळून पडते. आडवी ठोकलेली चावी मला कधीच पटलेली नाही.

चारही चाव्या आधी हातानेच बसवाव्यात, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दोन-दोन ठोके देत आवळत जावे. एकाच कोपऱ्यात चावी शेवटपर्यंत ठोकली, की बॉक्सचा चौकोन तिरका होतो आणि गुनिया (काटकोन तपासायचे साधन) लावल्याशिवाय ते डोळ्यांना दिसत नाही. त्याचप्रमाणे एकावर एक येणारे शिकंजे आलटून पालटून उलटे लावावेत. एकाचे हात घड्याळाच्या दिशेने फिरत असतील, तर त्याच्या वरच्याचे हात विरुद्ध दिशेने फिरावेत. सगळे शिकंजे एकाच दिशेने लावले, तर प्रत्येक जण बॉक्सला थोडासा पीळ देतो आणि सगळ्यांचा मिळून कॉलमला पीळ बसतो, जो नंतर प्लास्टरमध्ये लपवावा लागतो.

किती आवळावे, याला मर्यादा आहे. चावीचा आवाज बद्द येत असतो तो ठोकता ठोकता खणखणीत झाला, की थांबावे. त्यानंतरचे ठोके लाकूड चेपतात आणि २३० चा कॉलम २२४ चा करतात. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाने कॉलमच्या छेदाच्या मापात १२ मिलिमीटर वाढ आणि ६ मिलिमीटर घट एवढीच सूट दिली आहे, म्हणजे घटीला वाढीच्या निम्मीच जागा आहे. बॉक्स असा आत दबू नये म्हणून ज्या उंचीवर शिकंजा आहे त्याच उंचीवर सळईला कव्हर ब्लॉक बांधावेत. कॉलमला ४० मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर काँक्रीटचा थर, लागते, आणि ब्लॉक शिकंज्याच्या रेषेत असला तर शिकंज्याचा दाब थेट ब्लॉकमार्गे सळईच्या पिंजऱ्यावर जातो व दोन्ही कामे साधतात. ब्लॉक एका उंचीवर आणि शिकंजा दुसऱ्या उंचीवर असला, तर दोन ब्लॉकांच्या मधे प्लाय आत दबतो आणि कव्हर तिथेच कमी पडते.

सगळे शिकंजे बसल्यावर लगतच्या दोन बाजूंवर ओळंबा सोडून पाहावा. शिकंजा बॉक्सला बांधतो, पण त्याला उभा ठेवत नाही. उभे ठेवणे हे तिरक्या टेक्यांचे काम आहे आणि ते किमान लगतच्या दोन बाजूंना, ढकलणे व ओढणे दोन्ही करू शकतील असे लावावे लागतात. टेका शिकंज्याच्या हाताला बांधू नये, उभ्या बॅटनला किंवा चॅनेलला बांधावा. हाताला बांधलेला टेका ओळंब्यासाठी आवळला, की नेमका तोच शिकंजा सैल होतो.

पाइपचे कपलर आणि भिंतीचे टाय

हे टेके बहुधा ४८.३ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपांचे असतात आणि त्यांचे जोड कपलरने होतात. काटकोनात येणाऱ्या दोन पाइपांसाठी राइट अँगल कपलर आणि तिरक्या पाइपांसाठी स्विव्हल कपलर वापरावा. हाताला सापडला म्हणून काटकोनी जोडातही स्विव्हल लावणे चूक आहे, कारण तो मधल्या पिनीभोवती फिरतो आणि सांगाडा काटकोनात राहत नाही. चांगल्या राइट अँगल कपलरची पाइपावरून घसरण्याविरुद्धची सुरक्षित क्षमता सुमारे ६ किलोन्यूटन, म्हणजे सहाशे किलो, धरतात. हा आकडा लहान आहे. स्लॅबखालच्या आडव्या पाइपाला कपलरने लटकवून त्यावर भार देण्याऐवजी तो भार जॅकच्या यू-हेडमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या यू आकाराच्या खोबणीत, थेट बसवावा. नाइलाज असेल, तर भार घेणाऱ्या कपलरच्या खाली, त्याला भिडवून, दुसरा कपलर लावावा. नट ५० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळला की पुरे. पान्याला पाइप लावून जोर दिला, तर पोकळ पाइप चेपतो आणि पकड वाढण्याऐवजी कमी होते.

भिंतीच्या फर्म्याला, म्हणजे साच्याला, मात्र शिकंजा पुरत नाही. तिथे जोडचॅनेलमधून टाय रॉड आरपार जातो आणि दोन्ही बाजूंनी विंग नट बसतो. १५ मिलिमीटरचा उच्च ताकदीचा आटेदार रॉड सुमारे ९० किलोन्यूटन भार सुरक्षितपणे घेतो. त्यामुळे दाब चौरस मीटरला ६० किलोन्यूटन असताना १.२ बाय १ मीटर क्षेत्र तो पेलतो, कारण तिथे भार ७२ किलोन्यूटनच होतो. दिसायला तसाच, पण साध्या पोलादाचा रॉड बाजारात स्वस्त मिळतो आणि एकाच ढिगात मिसळला गेला तर ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही प्रकार साइटवर एकत्र आणूच नयेत. उच्च ताकदीच्या रॉडला वेल्डिंगचा टाका मारू नये, गॅसने तापवूही नये. तसे केल्यास ते पोलाद ठिसूळ होते आणि ताण आल्यावर काचेसारखे तुटते. वेल्डिंगवाल्याने सोयीसाठी रॉडला टाका मारून ठेवलेला मी पाहिला आहे. तो रॉड तेव्हाच कापून टाकला, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वापरात आला असता. पाण्याच्या टाकीच्या भिंतीत आरपार पीव्हीसी पाइप ठेवणे टाळावे आणि मध्ये पाणीरोधक चकती असलेला, आतच राहणारा टाय वापरावा.

मुंबईच्या उंच इमारतींत आता ॲल्युमिनियमच्या फर्म्याचा वापर वाढला आहे. त्यात पॅनेल एकमेकांना पिन आणि वेजने जोडतात. तत्त्व कॉलमच्या चावीचेच आहे, फक्त संख्या प्रचंड असते. अशा जागी पिनी हरवणे ही रोजची बाब असते, आणि हरवलेल्या पिनीची जागा रिकामी ठेवून किंवा खिळा घालून पुढे जाण्याचा मोह आवरावा लागतो.

भरताना आणि उघडताना

भरतीच्या वेळी बॉक्सपाशी एक सुतार फक्त शिकंज्यांवर लक्ष ठेवण्यासाठी उभा करावा. त्याला घमेली उचलायला लावू नये. पहिला मीटरभर थर पडल्यावर त्याने खालच्या चार शिकंज्यांच्या चाव्यांवर हलका ठोका मारून आवाज ऐकावा, कारण सगळ्या खेळाचा निकाल इथेच लागतो. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू नये, थराथराने भरावे आणि व्हायब्रेटरची सुई प्लायला किंवा बोल्टला लागू देऊ नये. कोपऱ्यातून स्लरीची धार लागली, बॅटन डोळ्यांना वाकलेला दिसला किंवा चावीचा आवाज पुन्हा बद्द झाला, तर आधी पंप आणि व्हायब्रेटर थांबवावा. सुटलेले पोट शिकंजा आवळून आत जात नाही. भरलेले काँक्रीट मागे ढकलायला लागणारा जोर सुताराच्या हातोडीत नसतो आणि अशा वेळी जोराने ठोकलेली चावी सटकली, तर समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येते. तेव्हा बाहेरून जास्तीचा टेका आणि शेजारी नवा शिकंजा लावून आहे तिथेच वाढ थांबवावी, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच उरलेली भरती सावकाश पूर्ण करावी. भरती संपल्यावर काँक्रीट ताजे असतानाच ओळंबा पुन्हा पाहावा, कारण टेक्याचा स्क्रू फिरवून दुरुस्ती करण्याची ती शेवटची संधी असते.

उभ्या बाजू उघडण्यासाठी आय.एस. ४५६ ने १६ ते २४ तासांची मुदत दिली आहे. गारठ्यात किंवा रिटार्डर असताना चोवीस तासांच्या आत हात लावू नये. चावी खालून वर ठोकून काढावी आणि शिकंजे वरून खाली सोडवत यावे. सर्वांत खालचा शिकंजा शेवटपर्यंत राहू द्यावा, तोवर बॉक्सची मोकळी झालेली बाजू दोरीने धरून ठेवावी, नाहीतर ती थेट माणसावर कोसळते. ताज्या कॉलमच्या कडा टणक झालेल्या नसतात, म्हणून पहार कॉलमवर टेकवून बॉक्स उचकटू नये, लाकडी पाचर मारून सैल करावा.

उतरवलेले हात आणि चाव्या खाली फेकू नयेत. स्लरी ओली असतानाच तारेच्या ब्रशने साफ करावी, कारण दुसऱ्या दिवशी ती हातोडीने काढावी लागते आणि तेव्हा खाचेच्या कडा मार खातात. हात सरळ आहे का, हे दोन टोकांना दोरी धरून पाहावे. भोक गोल न राहता लांबट झाले असेल, खाचेच्या वेल्डला बारीक तडा दिसत असेल किंवा चावीच्या डोक्याची फुले झाली असतील, तर तो नग वेगळा काढून त्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा. वाकलेला हात ठोकून सरळ करून पुन्हा वापरण्याची सवय आहे, पण एकदा वाकलेले लोखंड त्याच जागी अधिक सहज वाकते, म्हणून असा हात फार तर वरच्या तीन शिकंज्यांत लावावा. भाड्याने आणलेला माल असेल तर चार हात आणि चार चाव्या असा संच तारेने एकत्र बांधून मोजून ठेवावा. परत करताना हात पुरे भरतात, कमी पडतात त्या चाव्याच, आणि पुढच्या साइटवर त्यांच्या जागी सळईचा तुकडा ठोकला जातो.